पिकअपच्या मधल्या भिंतीचं फाटक होतं तेव्हा

मृग तोंडावर आला होता आणि शेडमध्ये कामाची गर्दी होती. तेव्हाच आमच्या तालुक्यातले एक काकाजी त्यांची डबल केबिन पिकअप घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पिकअपचे हौदे बांधायचे, फाळके दुरुस्त करायचे, गंजलेला पत्रा बदलायचा, हे माझं काम. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात ते बारा महिने पुरतं. काकाजींनी मोबाईल पुढे केला. व्हिडिओत एक अमेरिकन पिकअप होती. माणसाने मागची काच उचलून काढली, भिंतीच्याच पोटात ठेवली, मग अख्खी भिंत पुढे पाडली. केबिन आणि हौदा एक झाला.

"हे पाह्य. आपल्या गाडीले असंच करून दे. मांगची भित कटरनं काप, खाली कब्जे लाव, वरून रबर मार. किती घेशीन?"

मी म्हटलं, "काकाजी, पैशाचं मागून बोलू. आधी बसा, चहा घ्या."

चहा झाला, पण बोलणं दोन तास चाललं. हाच व्हिडिओ आणि हीच मागणी घेऊन येणारे काकाजी एकटे नाहीत, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतो आहे.

काकाजींची अडचण खरी आहे. सकाळी पाच माणसं घेऊन वावरात जायचं, म्हणून डबल केबिन लागते. डबल केबिन घेतली की हौदा आखूड होतो, पाच फुटांच्या आसपास. दुपारी त्याच गाडीतून बांबू आणायचे असतात, कारण आंबिया बहाराच्या फळांचं ओझं वाढलं की फांद्यांना टेकू द्यावे लागतात. बांबू बारा फुटांचा. टिनाचे पत्रे दहा फुटांचे. प्लायवूड आठ बाय चार. यातलं काहीही पाच फुटांच्या हौद्यात मावत नाही. फाळका पाडून माल बाहेर लोंबता ठेवतात आणि शेवटाला लाल फडकं बांधतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलल्यापासून, परवानगीच्या मर्यादेबाहेर माल लोंबत ठेवला तर वीस हजारांचा दंड आहे. पण दंडाहून मोठी गोष्ट रात्रीची. अंधारात मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ते फडकं दिसत नाही.

म्हणजे सकाळी जागा माणसांना हवी आणि दुपारी मालाला. दोन्हींच्या मधे एक भिंत उभी आहे. ती भिंत हलवता आली तर एकाच गाडीत दोन गाड्या मिळतात. मिडगेट म्हणतात ते हेच. पिकअपला मागे फाळका असतो, तसंच केबिन आणि हौद्याच्या मधे आणखी एक फाटक.

ही गोष्ट नावारूपाला आणली शेव्हरले अ‍ॅव्हलांच या गाडीने. ती २००१ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली आणि २०१३ पर्यंत बनत राहिली. तिची महागडी बहीण कॅडिलॅक एस्कलेड ईएक्सटी, तिच्यातही हीच सोय होती. भिंत उभी असताना अ‍ॅव्हलांचचा हौदा ५ फूट ३ इंच. भिंत पाडली की ८ फूट १ इंच. हे आकडे सहज आलेले नाहीत. प्लायवूडची शीट तिकडेही आठ बाय चारच असते. ती आडवी टाकून मागचा फाळका बंद करता आला पाहिजे, एवढा हिशोब धरून ते माप काढलेलं आहे. वरचा एक इंच हात घालायला.

आता ती भिंत पडते कशी, ते क्रमाने पाहू, कारण इथे क्रम चुकला की काही होत नाही.

पहिलं काम सीटचं. मागच्या सीटची बसायची गादी पुढच्या बाजूने उचलून उभी करायची, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवायची. तिने सोडलेल्या खड्ड्यात सीटची पाठ आडवी पाडायची. एवढं झालं की भिंतीला पडायला जागा मिळते. मग काच. आपल्याकडच्या पिकअपची मागची काच रबरात किंवा गोंदात बसवलेली असते, काढायची म्हणजे मिस्त्री लागतो. अ‍ॅव्हलांचची काच खिट्ट्यांवर बसते. आतून खिट्ट्या फिरवायच्या, काच आत ओढून घ्यायची आणि भिंतीच्या आतल्या अंगाला तिच्यासाठी केलेल्या खाचेत सरकवून परत अडकवायची. ही युक्ती मला फार आवडते. काढलेली काच ठेवायची कुठे, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. घरी ठेवली तर पाऊस आला की गाडी उघडी. हौद्यात ठेवली तर फुटणार. भिंतीच्या पोटात ठेवली की भिंत जाईल तिथे काच जाते.

शेवटी भिंत. तिला एक मुठ आहे. मुठीपासून दोन्ही कडांच्या कुलुपांपर्यंत जोडणी गेलेली असते, म्हणून एका हाताने दोन्ही बाजू एकदम सुटतात. कुलूप कसं धरतं ते पाहायचं असेल तर आपल्या गाडीचं दार उघडून कडेला पाहा. पत्र्यात एक चिमट्यासारखा तुकडा दिसेल. दार आदळलं की चौकटीवरची दांडी त्या चिमट्यात शिरते, चिमटा फिरतो आणि दांडीला मिठी मारतो. मिडगेटलाही तेच तत्त्व. मुठ फिरवली की मिठी सुटते, भिंत खालच्या कब्ज्यांवर पुढे झुकते आणि पाडलेल्या सीटवर आडवी होते. भिंतीची पाठ आता फरशी झाली, हौद्याच्या तळाला लागून.

काच आणि भिंत वेगवेगळ्या निघतात, याचा उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. प्लायवूड आणायचं तर काच जागेवरच ठेवायची, फक्त खालची भिंत पाडायची. शीट काचेखालून आत सरकते, वरून ऊन-वारा येत नाही. नुसती हवा हवी तर भिंत उभी ठेवून काच काढायची. आणि मोटरसायकल न्यायची असेल तर दोन्ही काढायचं. स्प्लेंडरची लांबी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांच्या वर. पाच फुटी हौद्यात ती सरळ उभी केली तर फाळका लागत नाही. भिंत पाडली तर पुढचं चाक केबिनमध्ये जातं, पण हँडल काचेच्या उंचीला येऊन अडू शकतं. काच काढली की तेही मिटतं.

इथवर ऐकून काकाजी म्हणाले, "मंग हेच त म्हनून राह्यलो मी. सीट पडते, भित पडते. याच्यात कठीन काय हाय?"

मी शेडच्या कोपऱ्यातला तेलाचा रिकामा पिपा उचलून आणला. पंधरा किलोचा, चौकोनी, पत्र्याचा. त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, समोरासमोरचे दोन कोपरे धरा आणि पिळा. पिळून पाहिला. हलला नाही. मग ग्राइंडरने त्याची वरची बाजू पूर्ण कापली, कडा घासून घेतली आणि परत हातात दिला. पुन्हा पिळा. या वेळी पिपा ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. वरचा चौकोन तिरपा झाला, कडेच्या पत्र्यावर पोचा पडला.

पत्रा तोच, जाडी तीच, हातही तेच. गेली ती फक्त एक बाजू.

गाडीची केबिन म्हणजे हाच पिपा. छत, जमीन, बाजू आणि मागची भिंत मिळून ती ताठ राहते. मागची भिंत थंडी-वारा अडवायला बसवलेला पत्रा नाही, ती केबिनला पिळण्यापासून रोखते. तुम्ही पाच फूट रुंद भोक पाडलं की पिप्याचं झाकण गेलं. त्या दिवशी काही दिसणार नाही. पण आपल्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात बंडीच्या चाकोरीत एक चाक उतरतं आणि दुसरं वर राहतं, तेव्हा प्रत्येक वेळी केबिन थोडी पिळली जाते. माझ्याकडे अशी एक गाडी दुरुस्तीला आली होती. कुणीतरी गॅस कटरने मागची भिंत कापून दिली होती, पाईप आत घालायला. एका हंगामात तिचं मागचं दार लागेना, वर उचलून ढकलावं लागे. समोरच्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला होता. दाराच्या खांबापाशी वेल्डिंग उकललं होतं. मालकाला वाटत होतं दाराचे कब्जे खराब झाले. कब्जे चांगले होते, चौकटच तिरपी झाली होती. ती मी काही सरळ करू शकलो नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण गाडी फारशी जुनी नव्हती.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती गाडीच्या बाहेरूनच दिसते. मी काकाजींना त्यांच्याच पिकअपपाशी नेलं. केबिनची मागची बाजू आणि हौद्याची पुढची बाजू, यांच्या मधे दोन-तीन बोटांची फट असते. सगळ्याच नेहमीच्या पिकअपला असते. लोकांना वाटतं बांधणाऱ्याने जागा सोडली. ती मुद्दाम सोडलेली आहे. खाली लांब चेसिस असते, दोन जाड चॅनलांची शिडी. तिच्यावर केबिन वेगळी बसते, रबरी गाद्यांवर, आणि हौदा वेगळा बोल्टने बसतो. चेसिस पिळली गेली की केबिन एका बाजूला कलते, हौदा दुसऱ्या. एक मागचं चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून मी त्यांना ती फट दाखवली. वरच्या टोकाला एका बाजूने बोट जाईना, दुसऱ्या बाजूने तीन बोटं गेली. काकाजी खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. पंधरा वर्षं पिकअप चालवली, पण हे पाहिलं नव्हतं म्हणाले.

आता सांगा, असं हलणाऱ्या दोन डब्यांच्या मधे फाटक बसवायचं कसं? फाटकाची चौकट केबिनला जोडली तर हौद्याकडची बाजू उघडी, पाणी सरळ आत. दोन्हीला जोडली तर पहिल्या खड्ड्यात चौकट फाटणार.

म्हणून अ‍ॅव्हलांच बनवणाऱ्यांनी पिकअपपासून सुरुवातच केली नाही. त्यांनी सबर्बन नावाची त्यांची लांबलचक बंद गाडी घेतली. तिची बॉडी पुढपासून मागपर्यंत एकच असते. दोन्ही गाड्यांच्या चाकांमधलं अंतर सारखंच, १३० इंच. सोप्या शब्दांत सांगायचं तर बंद गाडीच्या मागच्या भागावरचं छत काढून तिथे हौदा केला. केबिन आणि हौदा एकाच बॉडीचे भाग, मधे फट नाही. फट नाही म्हणून तिथे चौकट बसवता आली, आणि चौकट चांगली जाड केली. घराची भिंत फोडून दार काढायचं तर वर पाटई टाकतो आपण, बाजूचे खांब भरतो, मग ओझं चौकटीवरून जातं. तसंच. फाटक उघडं असतानाही गाडी चालवायची आहे, तर ताकद फाटकावर ठेवून चालत नाही, ती चौकटीत असावी लागते.

आणि अ‍ॅव्हलांचचा फोटो पाहिला तर केबिनच्या छतापासून हौद्याच्या कडेपर्यंत उतरत गेलेला एक तिरका पाखा दिसतो, दोन्ही बाजूंना. पुष्कळांना तो नुसता देखावा वाटला. आमच्या कामात उभ्या अँगलला आडवा अँगल जोडला की कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी मारतो, कोपरा हलू नये म्हणून. तो पाखा म्हणजे तीच पट्टी, गाडीएवढी. केबिन मागे-पुढे डोलू नये म्हणून तिने हौद्याच्या भिंतींना धरून ठेवलं आहे.

पाण्याचं काय, हा पुढचा प्रश्न काकाजींनी स्वतःच काढला. विदर्भातला पाऊस वाऱ्यासकट आडवा येतो. काढता-घालता येणारी काच आणि पडणारी भिंत, दोन्हींच्या कडेने पाणी शिरायला जागाच जागा.

त्यांच्या जुन्या घराचं छप्पर कवेलूचं आहे, म्हणून मी तिथून समजावलं. कवेलू पाणी अडवतं का? दोन कवेलूंच्या मधे डिंक नसतो, सिमेंट नसतं. वारा आरपार जातो. तरी घर कोरडं राहतं, कारण प्रत्येक कवेलू पाण्याला पुढच्या कवेलूवर ढकलतं आणि शेवटी ते पन्हाळीतून अंगणात जातं. पाणी येणारच हे धरून त्याला बाहेरची वाट करून दिली आहे. मिडगेटचंही तसंच. फाटकाच्या कडेने पोकळ रबराची नळी असते. कुलूप लागताना ती दाबली जाते आणि फट भरते. ही पहिली राखण. पण रबरावरून काही थेंब जाणारच. ते जिथे उतरतील तिथे पत्र्यात पन्हाळी केलेली, आणि पन्हाळीच्या टोकाला नळी, जी पाणी गाडीखाली सोडते. अ‍ॅव्हलांचच्या हौद्यावर टणक झाकणाचे तीन तुकडे येतात, तेही काढता येतात. ते लावले तर बरंचसं पाणी वरच्या वर जातं.

रबराच्या बाबतीत मात्र मी आपल्या उन्हाला घाबरतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. ऊन खाल्लेलं रबर कडक होतं, चपटं होतं, मग दाबलं तरी फुगून परत येत नाही. पहिल्या पावसात गळती लागते आणि माणूस काचेला दोष देतो. दुसरं म्हणजे पन्हाळीच्या नळ्या. आपल्याकडे हौद्यात संत्र्याची पानं, कापसाची रुई, सोयाबीनचं कुटार, सगळं पडतं. बोटाएवढी नळी बुजायला एक फेरी पुरते. अशी गाडी कुणी आणलीच तर दर आठवड्याला नळीतून पाणी सोडून पाहावं लागेल. सनरूफवाल्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनाही हेच सांगतो. सनरूफ गळतं तेव्हा पुष्कळदा रबर नाही, नळी बुजलेली असते.

आता जी गोष्ट सांगतो ती पाण्याहून महत्त्वाची, आणि व्हिडिओत ती कुणी दाखवत नाही.

कच्च्या रस्त्यावर एसटीत मागच्या बाकावर बसून प्रवास केला असेल तर आठवून पाहा. गाडी पुढे जाते, धूळ मागे उडते, तरी ती मागच्या खिडकीतून आत येते. पुढे जाणाऱ्या गाडीच्या पाठीमागे हवा विरळ होते, जागा भरायला मागची हवा गरगरत परत गाडीकडेच येते. तिच्यासोबत धूळ. आणि पिकअपमध्ये त्याच ठिकाणी सायलेन्सरचं तोंड असतं. मिडगेट उघडं, काच काढलेली, मागचा फाळका पाडलेला, आणि समोरच्या खिडक्या बंद, असं चालवलं तर धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये ओढला जाऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं उन्हाने होतंय. म्हणून मागची बाजू उघडी ठेवून चालवायचं असेल तर पुढून हवा आत येऊ द्यायची. समोरचे हवेचे झरोके उघडे, पंखा बाहेरची हवा घेणारा आणि पूर्ण जोरात. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद.

काकाजींनी मध्येच सांगितलं की नागपूरला कळमन्याच्या मंडीत संत्रा नेला की रात्रभर तिथेच थांबावं लागतं, आणि आठ फुटांची सपाट जागा मिळाली तर पाय ताणून झोपता येईल. झोप चांगली लागेल यात शंका नाही. ज्याने कापसाची गाडी जिनिंगसमोर लावून स्टेअरिंगवर डोकं ठेवून रात्र काढली आहे, त्याला आठ फुटांची किंमत सांगायला नको. पण इंजिन बंद. थंडी असो, एसी हवा असो, इंजिन चालू ठेवून अशा गाडीत झोपायचं नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं आणि इथेही दोनदा लिहायला मला काही वाटणार नाही.

मालाचंही एक आहे. बंडी भरणाऱ्याला उलाळ म्हणजे काय ते माहीत असतं. ओझं मागे गेलं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पिकअपही उलाळ होते, फक्त ते दिसत नाही. बांबूचा भारा फाळक्याबाहेर लोंबला की पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टेअरिंग पुढच्या चाकांवर चालतं. भिंत पाडून तोच भारा केबिनमध्ये सरकवला तर ओझं दोन्ही चाकांच्या मधे येतं, गाडी रस्ता धरते. ही मिडगेटची खरी कमाई आहे, जागेपेक्षाही मोठी. पण त्याच वेळी भाऱ्याच्या आणि चालकाच्या मधली भिंत गेलेली असते. ४० च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर चालते. समोर म्हैस आली, ब्रेक दाबला, गाडी थांबते. भारा थांबत नाही, तो गुळगुळीत फरशीवरून त्याच वेगाने पुढे येतो. उभी भिंत असती तर तिने तो अडवला असता. म्हणून भिंत पाडल्यावर माल बांधायचा तो मागे-पुढे दोन्हीकडून, हौद्याच्या कड्यांना. वरून नुसता दोर टाकून भागत नाही.

एवढ्या खटाटोपामुळेच ही सोय जगात सगळीकडे पसरली नाही. जीएमसी एन्व्हॉय एक्सयूव्ही नावाच्या गाडीत तर मिडगेटसोबत मागचं छतही सरकत होतं, ती २००४ आणि २००५ एवढीच दोन मॉडेल वर्षं टिकली. २०१३ मध्ये अ‍ॅव्हलांच बंद झाली. पिकअप बनवणाऱ्याला फटवाली पद्धतच परवडते. एका चेसिसवर सिंगल केबिन, डबल केबिन, आखूड हौदा, लांब हौदा, काहीही बसवता येतं. आपल्याकडे तर नुसती केबिन-चेसिस विकत घेऊन हौदा माझ्यासारख्याकडून बांधून घेतात. केबिन आणि हौदा एकच झाले तर ती मोकळीक गेली.

मग मिडगेट परत आलं ते बॅटरीवर. २०२४ च्या शेव्हरले सिल्व्हराडो ईव्हीमध्ये आणि तिच्या भावंडात, जीएमसी सिएरा ईव्हीमध्ये. या गाड्यांत खाली शिडीसारखी चेसिस नसते. बॅटरीची रुंद, चपटी पेटीच दोन्ही चाकांच्या मधे बसते आणि पूर्ण तळ ताठ धरते. पिप्याचं झाकण गेलं तरी बूड दहापट जाड केलं तर पिपा पिळत नाही, तसं. त्यामुळे केबिन-हौदा एकत्र करणं सोपं झालं. हौदा ५ फूट ११ इंच, आणि मिडगेट व मागचा फाळका दोन्ही उघडले तर १० फूट १० इंचांपर्यंत लांब माल राहतो. आणखी एक सुधारणा झाली. अ‍ॅव्हलांचची भिंत पाडली की मागच्या सीटवरची सगळी जागा जायची. नव्या गाडीत भिंत ६०-४० अशी दोन तुकड्यांत पडते, म्हणजे लांब माल एका बाजूने आणि माणूस दुसऱ्या बाजूला. मात्र कामासाठी स्वस्तात विकतात त्या मॉडेलला मिडगेट नाही, महागड्यांना आहे. मला हे उलटं वाटतं. ज्याला बांबू न्यायचे आहेत त्याला ते मिळायला हवं होतं.

काकाजींनी शेवटचा प्रयत्न केला. "म्हंजे आपल्या गाडीले होतच नाई?"

नाही होत, काकाजी. गाडीची मूळ बांधणी बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगी देत नाही, अपघात झाला तर विमावाला हात वर करील, ते वेगळंच. पण कायदा नसता तरी मी कटर लावला नसता. तुमच्या पिकअपमध्ये मागे पाच माणसांची पोरंबाळं शाळेलाही जातात.

मग त्यांच्या बांबूचं काय केलं ते सांगतो. बारा फुटांचा बांबू आणि सोळा फुटांची गाडी, म्हणजे माल छतावरून गेला तर गाडीबाहेर इंचभरही जात नाही. हौद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला दोन-दोन उभे चौकोनी पाईप उभे केले, खाली हौद्याच्या चॅनलला बोल्ट केले. त्यांच्यावर दोन लांब आडवे पाईप, केबिनच्या छतावर पुढे साडेतीन फूट आलेले. कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या मारल्या. मोकळ्या टोकाला हाताने दाबून पाहिलं, वजनाने किती झुकतं ते मोजलं आणि त्या हिशोबाने खाली जागा सोडली.

काकाजी म्हणाले, पुढचं टोक अधांतरी कशाला, केबिनच्या छताला एक पाय टेकव, मजबूत होईल. मी त्यांना परत त्या फटीपाशी नेलं. ते काही बोलले नाहीत. ठोकळ्यावरून चाक खाली घेतलं, फट दोन्हीकडे सारखी झाली, आणि कॅरिअर हौद्यावरच ठेवायचं ठरलं, केबिनच्या छतापासून चार बोटं वर.